अलास्काच्या छोट्या बोटीसाठी बॅग भरताना: ठाणेकरांसाठी टप्प्याटप्प्याने

ठाण्यातल्या माणसाला पाऊस शिकवावा लागत नाही, आणि अलास्काची बॅग भरताना नेमकी तिथेच गडबड होते. जुलैत गुडघाभर पाण्यातून नौपाड्यातल्या घरी पोहोचलो तरी आपण डोकं पुसतो, कपडे बदलतो, आल्याचा चहा घेतो आणि विषय संपतो. कारण आपला पाऊस कोमट असतो. रात्रीसुद्धा पारा २५ अंशांच्या आसपास. जुनो, सिटका, पीटर्सबर्ग, केचिकन या आग्नेय अलास्काच्या पट्ट्यात ऐन जुलैत दुपारी १७-१८ अंश आणि पहाटे १०-११ अंश असतात. त्यात दिवसभराची रिपरिप आणि उघड्या डिंगीत, म्हणजे मोठ्या बोटीवरून किनाऱ्यावर नेणाऱ्या छोट्या होडीत, समोरून अंगावर येणारा वारा. तिथे भिजलेला माणूस अर्ध्या तासात कुडकुडायला लागतो, आणि चहा मिळणारी मोठी बोट अजून तासभर लांब असते.

ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या बॅगा मी निघण्याच्या आदल्या आठवड्यात उघडून पाहिल्या आहेत. चुका त्याच त्या: मनालीला घेतलेलं जाडजूड जॅकेट, दोन जीन्स, सुती थर्मल, छत्री आणि हे सगळं भरलेली चाकांची कडक सुटकेस. प्रत्येक वस्तू महाग आणि प्रेमाने घेतलेली असते, तरी उपयोगाची एकही नसते. म्हणून सगळा क्रम एकदाच सविस्तर लिहितो आहे.

हे सगळं आठ-बारा प्रवाशांच्या छोट्या बोटीसाठी आहे. ती आडवाटेच्या खाडीत नांगर टाकते आणि तिथून डिंगीने किंवा कयाकने (वल्ह्याच्या अरुंद होडीने) किनाऱ्यावर नेते. तीन हजार प्रवाशांच्या मोठ्या जहाजावर जाणार असाल तर यातलं निम्मं लागणार नाही.

## टप्पा १: दोन महिने आधी. खरेदीला जाऊ नका, बोटीला विचारा

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. तिकीट हातात पडलं की लोक थेट दुकान गाठतात. आधी बोटीच्या चालकांना ईमेल करा आणि या गोष्टी लेखी विचारून घ्या:

- गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि रेनसूट बोटीवर मिळतात का, आणि माझ्या मापाचे आहेत का?
- बंकखाली (झोपायच्या फळीखाली) सामानाला किती जागा आहे? लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये.
- ओले कपडे कुठे वाळवता येतात?
- केबिनमध्ये प्लग आहे का, आणि चार्जिंग चोवीस तास मिळतं की जनरेटर चालू असेपर्यंतच?
- शाकाहारी किंवा जैन जेवणाची सोय होईल का?
- सॅटेलाइट फोन आहे का, आणि घरच्यांनी निरोप द्यायचा झाला तर कुठल्या क्रमांकावर?

बऱ्याच छोट्या बोटी बूट देतात, काही रेनसूटही देतात. दोन्ही मिळत असतील तर बॅगेतलं तीन-चार किलो वजन आणि बराच खर्च वाचतो. 'मापाचे आहेत का' हे विचारायला विसरू नका. आपल्याकडच्या बुटांवर बहुधा ब्रिटिश माप असतं. पुरुषांचं आपलं ८ म्हणजे अमेरिकेचं साधारण ९. बायकांच्या मापात हा फरक आणखी मोठा असतो. त्यामुळे नुसता आकडा न कळवता पावलाची लांबी सेंटीमीटरमध्ये कळवा. कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीने रेघ मारायची आणि टाचेपासून अंगठ्यापर्यंत मोजायचं.

जेवणाचं आत्ताच सांगून टाका. बोट निघाली की वाटेत वाणी नाही. आठवड्याचा शिधा पहिल्याच दिवशी भरलेला असतो.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात: अमेरिकेचा व्हिसा तर लागतोच, पण तुमचं विमान किंवा बोट व्हँकुव्हरमार्गे जात असेल तर भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसाही लागतो, नुसतं विमान बदलायचं असलं तरी.

> तपासा: जुनोला बाहेरून गाडीरस्ता नाही. विमानाने किंवा बोटीनेच पोहोचता येतं. आग्नेय अलास्काच्या इतर बहुतेक गावांचीही तीच गत. म्हणून बोट सुटण्याच्या किमान एक दिवस आधी पोहोचेल असं विमान घ्या. बॅग सिएटलला अडकली तर ती मागून तुमच्यापर्यंत येणार नाही, कारण तुम्ही कुठल्या खाडीत नांगर टाकून असाल तिथे कुणी कुरिअर नेत नाही.

## टप्पा २: दीड महिना आधी. कपाटातलं जुनं सामान बाहेर काढा

ठाण्याच्या दमट हवेत कपाटातल्या कपाटात वस्तू खराब होतात, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दोन गोष्टी हमखास दगा देतात.

पहिली, जुनं रेनजॅकेट. आतल्या बाजूला पाणी अडवणारा पातळ लेप असतो. तीन-चार पावसाळे घडी घालून ठेवलं की तो चिकट होतो, मग पापुद्र्यांसारखा सुटतो. जॅकेट उलटं करून खांद्याच्या आणि टोपीच्या शिवणीवरून हात फिरवा. हाताला चिकटलं किंवा पांढरे कपचे निघाले तर ते जॅकेट संपलं. पुन्हा वॉटरप्रूफ करायचे स्प्रे बाहेरच्या कापडासाठी असतात, आतला सुटलेला लेप त्यांनी परत येत नाही.

दुसरी, ट्रेकिंगचे बूट. तीन वर्षं शू-रॅकमध्ये पडून राहिलेल्या बुटाचा तळ दिसायला धडधाकट असतो आणि चालायला लागल्यावर तासाभरात चपातीसारखा सुटून येतो. सह्याद्रीत हे पुष्कळांनी अनुभवलं आहे. तळ दोन्ही हातांनी जोरात वाकवा, कडेला नखाने टोकरा. भेग दिसली तर तो जोड घरीच ठेवा.

## टप्पा ३: कपडे. जाडी विसरा, थर लावा

हा सगळ्या लेखाचा गाभा आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

पाणी हवेपेक्षा वीसएक पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं. त्यामुळे तिथे प्रश्न एकच असतो: अंगाला चिकटलेला थर कोरडा राहतो का, आणि ओला झालाच तर किती लवकर वाळतो? सुती कापड पाणी धाग्यात शोषतं आणि धरून ठेवतं. पॉलिएस्टरचा धागा पाणी जवळजवळ शोषतच नाही. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश ओलावा पोटात घेऊनही ऊब देते. म्हणून जीन्स, सुती टी-शर्ट, सुती मोजे आणि सुती बनियन यांपैकी काहीही बोटीच्या बॅगेत नको. विमानात घातलेली जीन्स बोटीवर चढताना बॅगेच्या तळाशी जाऊ द्या.

मी स्वतः पहिल्या वेळी एक जीन्स नेली होती. डिंगीतून उतरताना मांडीपर्यंत एक लाट आली. ती जीन्स केबिनमध्ये अडीच दिवस लटकत होती, वाळली नाही, आणि तिच्या ओलीने शेजारची उशीही दमट झाली.

थर्मलचा सापळा: आपल्या बाजारात 'थर्मल' म्हणून मिळणारे बहुतेक पांढरट, खणाखणांच्या विणीचे जोड सुती किंवा सुतीमिश्रित असतात. दिल्लीच्या कोरड्या थंडीत ते छान आहेत, इथे नकोत. पाकिटावरचं चित्र पाहू नका, आतलं लेबल वाचा. १०० टक्के पॉलिएस्टर किंवा मेरिनो लोकर असेल तरच घ्या. जांभळी नाक्यावर घ्या किंवा मोठ्या खेळसामानाच्या दुकानात, लेबल वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

आठ दिवसांसाठी एका माणसाला इतकं पुरतं:

- अंगालगतचा थर: वरचे २, खालचे २
- पातळ फ्लीस (लवदार कृत्रिम कापडाचा स्वेटर) १ आणि मध्यम जाड फ्लीस १
- हलकं पफर जॅकेट १, आत कृत्रिम भरण असलेलं
- लवकर वाळणाऱ्या ट्रेकिंग पँट २
- लोकरी मोजे ४ जोड, त्यातला एक फक्त झोपताना घालायचा
- लवकर वाळणारे आतले कपडे ४
- कानावर येणारी लोकरी टोपी १ आणि पुढे झाप असलेली टोपी १
- मानेभोवतीची गोल पट्टी १. मफलर नको, त्याची टोकं लोंबतात
- हातमोजे २ जोड, एक पातळ आणि एक पाणी न झिरपणारा

पफर जॅकेटबद्दल एक खुलासा. पिसांचं जॅकेट हलकं आणि खूप उबदार असतं, पण ओलं झालं की पिसांचे गोळे होतात आणि ऊब जाते. तिथल्या हवेत ते आठ दिवस कोरडं ठेवणं कठीण. कृत्रिम भरणाचं जॅकेट थोडं जड असतं, पण दमट झालं तरी काम करतं. मनालीचं जाड जॅकेट अडचणीचं का, तर ते एकतर पूर्ण घालावं लागतं किंवा पूर्ण काढावं लागतं. चढ चढताना घाम येतो आणि थांबल्यावर त्याच घामाने गारठायला होतं. तीन पातळ थर असतील तर एकेक काढता येतो.

झाप असलेल्या टोपीचं काम वेगळं आहे. रेनजॅकेटची टोपी नुसती घातली तर मान वळवली की ती डोळ्यांवर येते. आत झापवाली टोपी असेल तर ती झाप रेनकोटची टोपी वर धरून ठेवते आणि चष्म्यावर थेंब पडत नाहीत. चष्मा लावणाऱ्यांनी ही गोष्ट अजिबात सोडू नये.

साडी आणि ओढणी यांबद्दल स्पष्ट लिहितो, कारण ज्येष्ठ बायकांच्या बाबतीत घरातले लोक संकोचाने बोलत नाहीत. डिंगीवर मोकळं लोंबणारं कापड धोक्याचं आहे. ते शिडीत, दोरात, इंजिनाजवळ अडकतं. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी आयुष्यात पँट घातली नव्हती. त्यांना दोन महिने आधीपासून संध्याकाळच्या फेरीला ट्रेकिंग पँट आणि गुडघ्यापर्यंतचा कुर्ता घालायला लावला. कुर्ता कापसाचा नको, एवढंच सांगितलं. निघेपर्यंत त्या सरावल्या होत्या. आई-काकूंना हा वेळ द्या. बोटीवर पहिल्यांदा पँट घालायला लावू नका.

> तपासा, वाळवण्याची परीक्षा: घ्यायचा विचार असलेला नवा टी-शर्ट आणि एक सुती टी-शर्ट, दोन्ही भिजवा, हाताने पिळा आणि रात्री बाथरूमच्या दांडीवर टाकून दार लावून घ्या. सकाळी दोन्ही गालाला लावून पाहा. नव्याचा काठ अजूनही गार लागत असेल तर तो घेऊ नका. बोटीच्या केबिनमध्ये हवा अशीच कोंडलेली असते आणि वर गारवाही असतो.

## टप्पा ४: रेनसूट. वर-खाली दोन्ही, आणि शॉवरखाली परीक्षा

छत्री नकोच. डिंगीत वाऱ्याने उलटी होते आणि किनाऱ्यावर उतरताना दोन्ही हात मोकळे लागतात.

आपल्याकडे जॅकेट सगळे घेतात, पँट विसरतात. डिंगीत आपण ओल्या फळीवर किंवा फुगवलेल्या रबरी कडेवर बसतो. पाणी वरून कमी आणि बुडाखालून जास्त येतं. रेनपँट नसेल तर कितीही महाग जॅकेट घातलं तरी दहा मिनिटांत बैठक भिजते.

कापड कोणतं? हवा खेळणारं महागडं जॅकेट डोंगर चढायला उत्तम. पण तासन्‌तास स्थिर बसून अंगावर शिंतोडे घ्यायचे असतील तर तिथले कोळी वापरतात तसं हवा न खेळणारं, लेप दिलेलं जाड जॅकेट जास्त विश्वासाचं. बाहेरून गारेगार, पण आत थेंब नाही. एकच घ्यायचं असेल तर मी छोट्या बोटीसाठी दुसरं निवडतो. आपल्या पावसाळी बाजारात मिळणारा दुचाकीस्वारांचा चांगल्या प्रतीचा रेनसूट याच जातीचा असतो. तो चालतो, फक्त या चार जागा बघा: शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली असावी, चेनवर झाकणारी पट्टी असावी, मनगटाला आवळता यावं, आणि टोपी दोरीने कपाळाशी घट्ट व्हावी. पँटचा खालचा घेर रबरी बुटावरून जाईल इतका मोठा हवा. इथेच बहुतेक सूट नापास होतात.

माप घेताना आत दोन्ही फ्लीस घालून घ्या. मे महिन्यात ठाण्याच्या दुकानात हे करताना घामाघूम व्हाल, तरी करा. नुसत्या शर्टावर घातलेला सूट तिथे बगलेत फाटतो.

> तपासा, शॉवरची परीक्षा: आत फिकट रंगाचा सुती टी-शर्ट आणि पायजमा घाला, वर पूर्ण रेनसूट. शॉवरखाली १५ मिनिटं. त्यातली पाच मिनिटं पाटावर बसून, मांडीवर पाणी साठू द्या. नंतर सूट काढून मान, मनगट, चेनची रेघ आणि बैठक पाहा. सुती कापडावर ओला डाग लगेच गडद दिसतो. डाग दिसला तर बिलासकट दुकानात परत. बिल जपून ठेवा.

## टप्पा ५: पाय

जुनो परिसरात मोठ्या भरतीच्या दिवसांत पाणी सहा मीटरहून जास्त वर-खाली होतं. म्हणजे सकाळी जिथे पाणी होतं तिथे दुपारी उतरताना उघडे पडलेले दगड असतात आणि त्यांच्यावर बुळबुळीत समुद्री वनस्पतींचा थर. डिंगी पूर्ण कोरड्यावर लागत नाही, शेवटची चार पावलं पाण्यातूनच टाकायची असतात. त्यामुळे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट हाच तिथला बूट. गावातले लोक किराणा आणायलासुद्धा तेच घालून जातात.

हार्डवेअरच्या दुकानातले काळे गमबूट नेऊ का, असं सगळे विचारतात. त्यांचा कडक प्लास्टिकचा तळ ओल्या दगडावर घसरतो. बोट बूट देत नसेल तर मऊ रबरी तळाचे घ्या, किंवा एक दिवस आधी पोहोचत असाल तर जुनो-सिटकाच्या दुकानात घ्या, तिथे ते सहज मिळतात. माप जाड मोजा घालून घ्या. बोटं आखडली की पाय आणखी गार पडतात.

बोटीच्या आत वेगळं पादत्राण लागतं, कारण ओले बूट दाराशीच काढतात. न घसरणारी, टाच बंद असलेली हलकी चप्पल पुरे. अंगठ्याची चप्पल नको, लोकरी मोज्यावर ती जात नाही.

## टप्पा ६: औषधं आणि बारीकसारीक

नेहमीची औषधं प्रवासाच्या दिवसांपेक्षा किमान आठवडाभर जास्त घ्या. हवामानामुळे तिथली छोटी विमानं अडकून पडणं नेहमीचं आहे. सगळी औषधं मूळ पाकिटात, हातातल्या बॅगेत, आणि डॉक्टरांचं इंग्रजी पत्र सोबत. पत्रात आपल्याकडचं ब्रँडचं नाव न लिहिता औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, आपले ब्रँड तिथे कुणाला कळणार नाहीत. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार असेल तर बोटीला आधीच लेखी कळवा. त्या खाड्यांमध्ये मोबाइलला रेंज नसते आणि दवाखाना काही तास लांब असतो.

बोट लागण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांनी दिलेली गोळी निघण्याआधी घरी एकदा घेऊन पाहा. काहींना त्या गोळीने इतकी झोप येते की डिंगीत बसणं धोक्याचं ठरतं. बहुतेक मार्ग बेटांच्या आडोशाने जातो, पण चॅटम सामुद्रधुनीसारखे उघडे पट्टे येतात. गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, आधी घ्यावी लागते.

दुर्बीण माणशी एक. ८×४२, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, घ्या. १० पटीची हलत्या बोटीवर थरथरते. नवरा-बायकोत एक असली की व्हेल दिसतो तेव्हा ती नेमकी दुसऱ्याच्या हातात असते, आणि व्हेल थांबत नाही.

फोनला गळ्यात अडकवायचं पारदर्शक पाकीट. चार्जरवर '१००-२४०' असं छापलं आहे का ते पाहा. तिथे ११०-१२० व्होल्ट आणि दोन चपट्या पिनांचा प्लग असतो. पाणी तापवायचा रॉड आणि केस वाळवायचं यंत्र घरी ठेवा. पॉवर बँक हातातल्याच बॅगेत ठेवायची, चेक-इनमध्ये नाही, आणि १०० वॅट-अवरच्या आतली, म्हणजे साधारण २७,००० एमएएचपर्यंत.

डोळ्यांवरची पट्टी घ्या. जूनमध्ये जुनोला दिवस अठरा तासांचा असतो आणि केबिनचे पडदे पातळ असतात. डासांचं मलम आणि तोंडावर घ्यायची जाळी घ्या. वारा पडला की रानात बारीक चावऱ्या माश्याही असतात. पातळ हातमोजे किनाऱ्यावरही घाला. तिथल्या रानात डेव्हिल्स क्लब नावाचं झुडूप असतं. त्याच्या देठाला आणि पानाखाली बारीक काटे असतात, आणि घसरताना माणूस नेमकं तेच धरतो.

खाऊ: मेतकूट, कोरडी चटणी, चिवडा, दशम्या घेतल्या तर उतरताना सीमाशुल्काच्या वेळी 'खाद्यपदार्थ आहेत' असं न चुकता सांगा. सांगितलं तर जास्तीत जास्त एखादी वस्तू काढून घेतील, लपवलं तर दंड. आंबे, कोणतंही ताजं फळ, ताजा कढीपत्ता, मांसाचा कोणताही पदार्थ नेऊ नका. मेमध्ये निघणाऱ्यांना हापूसचा मोह होतो, तो आवरा.

> थांबा: किनाऱ्यावर उतरण्याआधी जॅकेटचे आणि पँटचे सगळे खिसे उलटे करा. चिवड्याचं पाकीट, लिमलेटची गोळी, केळ्याचं साल, काहीही राहता कामा नये. ही तपकिरी अस्वलांची बेटं आहेत. ॲडमिरल्टी बेटावर माणसांपेक्षा अस्वलं जास्त आहेत. खाऊ कुठे ठेवायचा ते वाटाड्या सांगेल, त्याच जागी ठेवा. अस्वलांवर फवारायचा स्प्रे मुंबईहून नेऊ नका, तो विमानात हातातही चालत नाही आणि चेक-इनलाही. तो बोटीकडे असतो.

## टप्पा ७: दोन आठवडे आधी. रंगीत तालीम

ठाण्यात निघायच्या वेळी पाऊस असेल तर सोनं. पूर्ण रेनसूट, रबरी बूट, टोपी, पाठीवर छोटी बॅग असा सगळा साज चढवून उपवनला तलावाभोवती दोन फेऱ्या मारा. लोक बघतील, बघू द्या. टाच कुठे घासते, टोपी कुठे अडते, पँट चालताना खाली येते का, हे सगळं इथे कळलं तर उपाय करता येतो. उकडेल, त्यामुळे सकाळी सहाला जा आणि आत फक्त एक थर ठेवा.

उबेची परीक्षा घरात. एसी १६ वर, पंखा पूर्ण, आणि अंगालगतचा थर किंचित ओला करून वर फ्लीस आणि पफर घालून अर्धा तास बसा. ज्याला या वेळात हुडहुडी भरली त्याने एक फ्लीस वाढवावा. माणसामाणसात फरक असतो, यादी त्याप्रमाणे बदला.

गुडघ्यांची परीक्षाही करा. डिंगीत उतरताना मागे वळून, शिडीला तोंड करून, एक पाय खाली सोडावा लागतो. घरातल्या भक्कम स्टुलावरून तसं दहादा उतरून पाहा. त्रास होत असेल तर बोटीला कळवा, ते मदतीला माणूस देतात. लपवून नेण्यासारखी ही गोष्ट नाही.

## टप्पा ८: बॅग भरणं

कडक सुटकेस बंकखाली जात नाही. मग ती आठ दिवस मधल्या वाटेत पडून राहते आणि सगळे तिला अडखळतात. ६०-७० लिटरची मऊ डफल (लांबट कापडी बॅग) घ्या, भरून १२-१४ किलोच्या आत. आतून कचऱ्याची जाड मोठी पिशवी अस्तरासारखी लावा. धक्क्यावर बॅगा पावसात उघड्यावर असतात आणि डफलच्या चेनमधून पाणी झिरपतं.

क्रम असा:

१. तळाशी विमानातले कपडे आणि परतीचे कपडे. आठ दिवस ते लागणार नाहीत.

२. त्यावर राखीव जोड. एक पूर्ण जोड, म्हणजे थर, पँट, मोजे, आतले कपडे, टोपी, छोट्या ड्राय बॅगमध्ये (पाणी न शिरणाऱ्या पिशवीत) तोंड तीनदा गुंडाळून बंद. तुम्ही पूर्ण भिजलात तरच ही उघडायची. 'आज जरा बदलावंसं वाटलं' म्हणून उघडायची नाही.

३. मग झोपेचा जोड, वेगळ्या पिशवीत. तो अंगावर असताना डेकवर जायचं नाही.

४. त्यावर रोजचे कपडे.

५. सगळ्यात वर रेनसूट. धक्क्यावर उतरताच लागतो.

प्रत्येक पिशवीचा रंग वेगळा ठेवा. पहाटे व्हेल आल्याची हाक येते तेव्हा जोडीदार झोपलेला असतो आणि दिवा लावता येत नाही.

हातातल्या बॅगेत औषधं, कागदपत्रं, दुर्बीण, पॉवर बँक, आणि शिवाय रेनसूट-एक थर-एक फ्लीस-दोन मोजे. मुंबईहून निघताना रेनसूट हातातल्या बॅगेत, आणि जुनोला डफल हाती आली की डफलच्या वर. चेक-इनची बॅग आलीच नाही तरी एवढ्यावर आणि बोटीच्या बुटांवर माणूस आठवडा काढू शकतो.

> तपासा: भरलेली डफल खांद्यावर घेऊन, लिफ्ट न वापरता, दोन मजले चढा. ओहोटीला धक्क्यावरून बोटीकडे जाणारा उतार घसरगुंडीसारखा तिरका होतो, आणि तिथे हमाल नसतो.

## टप्पा ९: बोटीवर, डिंगीत बसण्याआधीचा क्रम

चांगली बॅग भरूनही लोक इथे भिजतात, कारण चढवण्याचा क्रम चुकतो.

आधी शौचालय. सगळं चढवल्यावर आठवण झाली तर वीस मिनिटं जातात आणि बाकीचे पावसात थांबतात. मग अंगालगतचा थर, फ्लीस, मोजे, बूट. रेनपँट बुटाच्या बाहेरून सोडायची. बुटात खोचली तर पँटवरून ओघळणारं पाणी सरळ बुटात साठतं, आणि भरलेल्या बुटाने चालता येत नाही. त्यावर जॅकेट, आणि सगळ्यात वर लाइफ जॅकेट. लाइफ जॅकेट रेनकोटच्या आत घालणारे मी पाहिले आहेत. तसं करू नका, पाण्यात पडलात तर वरून ओढून घ्यायचा पट्टा कुणाच्या हाती लागणार नाही.

हात खाली असतील तर हातमोज्याचं तोंड बाहीच्या आत. कयाक वल्हवताना हात वर असतात, तेव्हा वल्ह्यावरून येणारं पाणी बाहीत शिरतं, म्हणून बाहीचा पट्टा आवळून तिच्यावर हातमोजा.

परत आल्यावर रेनसूट डेकवरच झटका, केबिनमध्ये नेऊ नका. ओला थर लगेच काढा, 'जेवण झाल्यावर' नको. कपडे इंजिनाच्या खोलीजवळ किंवा हीटरशेजारी कुठे टांगायचे ते कर्मचाऱ्यांना विचारा, आणि वाळले की दुसऱ्यासाठी जागा मोकळी करा. कॅमेरा गार हवेतून उबदार केबिनमध्ये आणताना बंद पिशवीतच ठेवा आणि अर्ध्या तासाने उघडा, नाहीतर भिंगाच्या आत बाष्प धरतं.

## टप्पा १०: परतल्यावर

बॅग घरी आणून तशीच कोपऱ्यात ठेवली तर पुढच्या वेळी पुन्हा टप्पा २ ची गत होते. रेनसूट आणि बूट गोड्या पाण्याने धुवा, मीठ राहू देऊ नका. सूट उलटा करून पंख्याखाली दोन दिवस, उन्हात नाही. इस्त्री अजिबात नको. पूर्ण वाळल्यावर घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता हँगरवर मोकळा टांगा, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा कपाटाचं दार उघडून पंखा लावा. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे भरा, दुसऱ्या दिवशी बदला, आणि मगच शू-रॅकमध्ये ठेवा.